मोहनदादाची लायब्ररी

लायब्ररीत आयुष्य गेलं असं मी सांगितलं की लोक मला थेट पुस्तकांच्या कपाटाशेजारी नेऊन बसवतात. सासरकडच्या एका बाईंनी तर "मज्जा आहे बाई, फुकटात कादंबऱ्या," असं म्हणून माझा हेवाही केला. आमच्या लायब्ररीत पुस्तक म्हणून नव्हतं. होते ते कॉम्प्युटर प्रोग्रामचे तयार तुकडे, आणि तेही संख्याशास्त्राचे. एक सरासरी काढणारा, एक मध्यक शोधणारा, एक आकडे किती विखुरलेत ते मोजणारा. ज्याला हवा त्याने उचलावा, आपल्या प्रोग्राममध्ये बसवावा आणि पुढे जावं. कारखान्याला लागतो, बँकेला लागतो, हवामानवाल्यांना लागतो, तुकडा तोच. मी निवृत्त झाले तेव्हाही त्यातले काही मूळचे होते तसेच चालू होते. नव्या मुली येऊन विचारायच्या, "मॅडम, हे कोणी लिहिलंय? इतकं छोटं छोटं कोण लिहितं?" मी नाव सांगायचे. त्या मान हलवायच्या आणि जागेवर जायच्या. त्यांना तरी काय बोलणार? त्या नावाचा माणूस त्या मजल्यावर कोणी कधी पाहिलाच नव्हता.

अंकवाल्यांनी माझ्याकडे "नोकरीतले गमतीदार अनुभव" मागितले आहेत. गमती आहेत, सांगते. पण शेवटपर्यंत गंमत नाही, हे आधीच सांगून ठेवते. मागाहून कटकट नको.

मोहनदादा माझा चुलतभाऊ. मालवणजवळच्या तोंडवलीला आमची दोन घरं एकाच आवारात, मध्ये फक्त विहीर. तो मुंबईला एका कंपनीत प्रोग्रामर होता, आणि ऐंशीचं दशक संपत आलं तेव्हा अचानक गावी परतला. वडील वारले, आई एकटी आहे, असं त्याने कंपनीला सांगितलं. खरंच होतं ते. न सांगितलेलं खरं हे, की त्याला काचबिंदू होता. मोतीबिंदू काढता तरी येतो. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. त्याचा डावा डोळा मुंबईतच गेला आणि उजवा कडेकडेने मिटत चालला होता. हे काकीला, म्हणजे त्याच्या आईला, आणि मला माहीत होतं. कंपनीला कळू द्यायचं नव्हतं.

कारण कंपनीने त्याला घरबसल्या काम दिलं होतं. ही लायब्ररी लिहून दे. पसंत पडली तर पुढचे भागही तूच लिही, पगार चालू राहील. त्या काळात तोंडवलीत बसून मुंबईचा पगार घेणं म्हणजे काय, ते आजच्या पोरांना कळणार नाही. दादाला पगारापेक्षाही कामाची पडली होती. "सुमे," तो मला म्हणाला, "डोळे जातले तर जांव देत. पण काम गेला तर मी दिसभर करू काय गो? माड मोजू?"

मी संख्याशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले होते आणि स्थळांची वाट बघत घरी बसले होते. दादाने मला ओढलं. कॉम्प्युटर फोंडाघाट उतरून ट्रकमधून आला, गोधडीत गुंडाळलेला. काकीने त्याला हळदकुंकू लावलं ते ठीक. फ्लॉप्या दमट होतात म्हणून त्याही तिने तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवल्या. एकदा दादाने फ्लॉपी मशीनमध्ये सरकवली तर आतून खरखर. तांदळाचा दाणा! दादा तिच्यावर ओरडला, मग आम्ही तिघंही हसत बसलो.

आमची कामाची रीत अशी. दादा खुर्चीत मागे रेलून बोलायचा, मी टाइप करायचे. भाषा नवी होती, मुंबईतही थोड्यांनाच येत होती. तीत महिरपी कंस फार. सुरू होणाऱ्या कंसाला तो "दार उघड" म्हणायचा, संपणाऱ्याला "दार लाव". वाक्य संपलं की अर्धविराम लागायचा, त्याला "पुरे". ओटीवर बसलेल्या माणसाला ऐकू यायचं ते असं: "दार उघड... बेरीज शून्य, पुरे... दार लाव." शेजारची वहिनी एकदा काकीला म्हणाली, "मोहन सारख्या दार लाव, दार लाव कित्या करता? वारो येता काय?"

त्या भाषेत आकडे आणि त्या आकड्यांवर करायच्या क्रिया एकत्र बांधतात, त्याला क्लास म्हणतात. गावात बातमी गेली की मोहन क्लास काढतोय, आणि दोन आया मुलांची फी विचारायला आल्या. तो भाग सोडा. क्लास म्हणजे काय ते मला पहिल्या आठवड्यात कळेना. तेव्हा दादाने देवळातलं गाऱ्हाणं काढलं. "गावकार देवाक गाऱ्हाना घालता तेवा दरवेळी नवीन रचता काय? बोल तेच. माणसाचा नाव बदलता, अडचण बदलता. ऐकणारे 'व्हय म्हाराजा' म्हणतत, ता पण तेच. आपलो क्लास तसोच. आकडे कोणाचेय येवंदेत, बोल आपले." इतकं सोपं करून मला पुढे कुठल्याच प्रशिक्षणात कोणी सांगितलं नाही.

त्याचे नियम कडक होते. कुठलाही तुकडा एकदा वाचून दाखवल्यावर डोक्यात राहिला पाहिजे. राहिला नाही तर तोडायचा, दोन करायचे. प्रत्येकाचं नाव असं, की ऐकल्यावर काम कळावं. "मी ही फाइल परत बघूक शकणार नाय," तो म्हणायचा. "म्हणान एकदा लिवलेला परत उघडूची पाळी येता नये." नंतर मुंबईत मोठे मोठे लोक याच गोष्टी पडद्यावर चित्रं दाखवून शिकवायचे. मी मागच्या रांगेत बसून ऐकायचे आणि माझा जीव तुटायचा. दादाने ते हौसेने केलं नव्हतं.

एक पेच मला आजही आठवतो. आकडे किती विखुरलेत ते मोजायची पुस्तकी पद्धत अशी, की आकड्यांच्या वर्गांची बेरीज घ्यायची आणि त्यातून सरासरीचा हिशेब वजा करायचा. कंपनीने चाचणीसाठी कुठल्याशा कारखान्यातल्या दांड्यांची मापं पाठवली. सगळी मापं जवळजवळ सारखी, फरक पार शेवटच्या दशांशात. मी प्रोग्राम चालवला तर विखुरणं आलं ऋण! ऋण संख्येचं वर्गमूळ काढायला सांगितलं म्हणून मशीन रुसून बसलं. मी घाबरले. दादा मात्र पोट धरून हसला. "पसारो शून्याच्या खाली कसो जायत गो? आवरून आवरून घर किती आवरशीत?" मग कारण सांगितलं. दोन प्रचंड आकडे एकमेकांतून वजा केले की मशीनच्या हाती उरतो तो शेवटचा कचरा. त्याने पद्धतच बदलली. आकडे एकेक करून घ्यायचे. नवा आकडा आला की आधीच्या सरासरीला त्याच्याकडे थोडं सरकवायचं, आणि पसारा तिथल्या तिथे मोजत जायचा. मागचे आकडे परत बघायचे नाहीत. ही पद्धत जगात आधीपासून आहे, दादाने शोधली नाही. पण त्या दुपारी त्याने ती कागदाशिवाय तोंडी मांडली, आणि मी टाइप केली ती पहिल्याच फटक्यात चालली.

विचित्र गिऱ्हाईकंही यायची. कुणकेश्वरचे एक आंब्याचे बागायतदार "सरासरीचा यंत्र" बघायला आले. यंदा भाव किती मिळेल ते सांगा म्हणाले. दादाने सांगितलं, ते यंत्राला कळत नाही. "मगे ह्या यंत्राक येता काय?" दादाने त्यांच्याच करंडीतले आंबे पाटावर ओतायला लावले. म्हणाला, मधल्या आकाराचा आंबा काढून देतो, सगळे ओळीने न लावता. एक आंबा हातात घेतला. त्याहून लहान ते डावीकडे, मोठे ते उजवीकडे. ज्या बाजूला जास्त, मधला त्याच बाजूला असणार. दुसरी बाजू सोडून द्यायची. उरलेल्यांत परत तेच, फक्त सोडलेले मोजून धरायचे. बघता बघता एक आंबा हातात राहिला. हाच आमचा मध्यक शोधणारा क्लास. बागायतदार खूश होऊन तो आंबा ठेवून गेले. दादाने सगळं हाताने चाचपून केलं होतं, हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

त्या पावसाळ्यात उजवा डोळाही गेला. श्रावणात तो म्हणायचा खिडकी तेवढी कळते. गणपतीत म्हणाला, आरती खंय आसा ती गरम लागल्यावर समाजता. काकी स्वयंपाकघरात जाऊन रडली. मी रडले नाही, मला त्याचा रागच आला. कंपनीला सांग म्हणून मी भांडले. तो म्हणाला, "लायब्ररी पुरी होवंदे. मगे सांगूया. हातात काम आसताना सांगलंय तर ते बघतले तरी."

लायब्ररी पुरी झाली आणि कंपनीचा निरोप आला: दातेसाहेब काम बघायला येत आहेत. खेडेगावात बसून खरंच काम होतं की दुसरंच कोणी करून देतंय, अशी वर कुणाला तरी शंका होती. दातेसाहेबांनी सह्या केल्या की पुढचे भाग दादाला मिळणार होते. दादा म्हणाला, "एक दिस. एक दिस निभावूचा आसा."

आम्ही तालीम केली. काय हसू नका, नाटकाची करतात तशी केली. खुर्ची कुठे, तांब्या कुठे, दार किती पावलांवर. आवाजाकडे तोंड वळवायचं, पण डोळे थोडे खाली ठेवायचे. सगळ्या लायब्ररीची छापील प्रत होती, त्या लांबलचक, घड्या पडणाऱ्या भोकाभोकाच्या कागदावर. घडी बोटाला लागते. कुठल्या घडीनंतर कुठला क्लास, हे त्याने पाठ केलं. ओळ न् ओळ तर आधीच पाठ होती. शिवाय बघणारी माणसं सहज बोलतात तशी दोनतीन वाक्यं त्याने तयार ठेवली. त्यातलं एक व्होल्टेजबद्दल होतं. आमच्याकडे संध्याकाळी दिवे मंद व्हायचे, ते सगळेच बोलायचे. राहिलं जेवण. माशाचे काटे दादाला आता जमत नव्हते. काकीने जाहीर केलं की घरात नवस आहे, मासळी नाही. दातेसाहेब मालवणला येतो म्हणून सुरमईच्या आशेने आले होते. काजूची उसळ बघून त्यांचा चेहरा असा पडला की मला दुसरा कुठलाही दिवस असता तर हसू आवरलं नसतं.

माणूस चांगला होता, हे सांगायलाच हवं. दुपारभर ते मशीनसमोर बसले, मी कळा दाबल्या, दादा मागून समजावत राहिला. साहेबांनी वाकडेतिकडे आकडे घातले, रिकामी यादी घातली, एकच आकडा घातला. कुठेही लायब्ररी अडकली नाही. साहेब खुलले. "सावंत, हे फार सुंदर केलंय तुम्ही," असं दोनदा म्हणाले. दादाच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी नंतर त्याच्या चेहऱ्यावर कधी बघितलं नाही.

दिवेलागणीला व्होल्टेजचा भरवसा नसायचा म्हणून मी मशीन बंद करून प्लग काढला. साहेब म्हणाले, ठीक आहे, ओटीवर बसू. मध्यकाचा क्लास आणि त्यापुढचे मला कागदावरून ओळीने वाचून समजावा. मी ओटीवरचा बल्ब लावला. दादाने कागद मांडीवर घेतला, घडी चाचपली आणि वाचायला लागला. बोट ओळींवरून खाली सरकवत होता, अगदी तालमीसारखं. थंडीचे दिवस, पंखा बंद. समुद्राचा आवाज तेवढा येत होता.

आणि लाइट गेली.

दादा वाचतच राहिला.

आमच्याकडे लाइट जाणं ही काय मोठी गोष्ट? सगळे "गेली" म्हणतात आणि गप्प बसतात. पण मला "गेली" म्हणता येईना. म्हटलं तर तो चमकून थांबेल, न म्हटलं तर... काळोख असा होता की मला माझा हात दिसत नव्हता, आणि त्या काळोखात दादाचा आवाज चालू: "इथे लहान आकडे डावीकडे जातात, मोठे उजवीकडे. ही अट बघा, साहेब, ही ओळ." साहेबांचा श्वास माझ्या शेजारी थांबल्यासारखा झाला.

आतून काकी पेटलेला कंदील घेऊन आली. संध्याकाळी दिवा दारात आला की आमच्याकडे सगळी माणसं हातातलं टाकून दिव्याला हात जोडतात. पाहुणा जोडतो, भांडण चाललेलं असलं तरी भांडणारे जोडतात. साहेबांचे हात आपोआप जुळले. माझे जुळले. दादाने कागदाची घडी उलटली आणि पुढचं पान वाचायला घेतलं. काकी कंदील धरून उभीच राहिली. साहेबांसमोर सगळं उघडं पडलं, हे तिला त्या क्षणी कळलं. तिने कंदील जमिनीवर ठेवला तो इतका हळू, की कडीचासुद्धा आवाज झाला नाही. मग पदर तोंडात धरून ती आत गेली.

साहेबांनी कंदील आपल्याकडे थोडा ओढला, दादाच्या मांडीवरच्या कागदावर वाकून ते ओळी बघू लागले. "पुढे वाचा, सावंत," एवढंच म्हणाले.

मध्यकानंतर दादाने चतुर्थकं, म्हणजे आकड्यांचे चार सारखे भाग पाडणारा क्लास, वाचला. शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. कागद नीट घडी घालून बाजूला ठेवला, मान उचलून जिथे बल्ब लटकत होता तिकडे तोंड केलं, आणि तयार ठेवलेलं वाक्य म्हणाला, "आज व्होल्टेज बरं आहे, साहेब. नाहीतर या वेळेला वाचताच येत नाही."

सकाळी मी साहेबांना एसटीच्या थांब्यापर्यंत सोडायला गेले. आम्ही वाळू तुडवत निम्म्या वाटेवर आलो. तेव्हा ते म्हणाले, "पूर्ण गेलीय का नजर?" मी हो म्हटलं. खोटं बोलायची ताकद संपली होती.

"काम चोख आहे. मी तसंच लिहिणार. लायब्ररी कंपनी घेईल. पण पुढचं काम त्यांना मिळणार नाही, सुमनताई."

"का? चोख आहे म्हणता ना?"

"ज्याला स्क्रीन दिसत नाही त्याला प्रोग्रामर म्हणून ठेवा, असं मी वर कुठल्या तोंडाने सांगू? मला वेड्यात काढतील."

"मग सांगू नका. तुम्हाला कोण विचारतंय?"

"मला बघायलाच पाठवलं होतं हो," ते म्हणाले. "आणि मी बघितलं." थोड्या वेळाने म्हणाले, "त्यांना सांगायचं मला जमलं नाही. तुम्ही सांगाल का?"

वा रे साहेब! अवघड तेवढं माझ्या पदरात. मी तसं तोंडावर म्हणालेही. एसटी आली तेव्हा साहेब पायरीवर पाय ठेवून म्हणाले, "टाइप तुम्ही केलंय, समजतंही तुम्हाला. पुढच्या कामाला मुंबईला या. जागा आहे." आणि गाडी गेली. मला त्यांचा संताप आला होता आणि ती नोकरी हवीशीही वाटली होती. दोन्ही खरं आहे. मी ती घेतली, आणि तीच शेवटपर्यंत केली.

मी परत आले तर दादा ओटीवर खुर्ची मागे रेलून बसला होता. इतका खुशीत, की शीळ घालत होता. माझी चाहूल लागताच म्हणाला, "गेले साहेब? काय म्हणाले? पास मां आपण?"

मी त्याच्या पायाशी बसले आणि सांगितलं. लायब्ररी घेतायत, काम चोख म्हणाले, पुढचं काम देणार नाहीत. नोकरीचंही तेव्हाच सांगितलं, लपवून ठेवलं नाही. तो ऐकत राहिला. चेहरा हळूहळू विझला.

"तेंका कळला कसा पण? मी चुकलंय खंय?"

"लाइट गेली होती, दादा."

"केवा?"

"मध्यक वाचित होतंस तेवा."

त्याने हात पुढे केला, बाजूचा कागद मांडीवर ओढला आणि घड्या चाचपू लागला. एक घडी, दुसरी. मध्यकाच्या घडीवर बोट थांबलं. तिथून पुढे शेवटपर्यंत त्याने कागद हाताने नुसता पुसला.

"म्हणजे ह्या सगळा काळोखात वाचलंय?"

"होय."

"तेवा चुकलंय काय खंय? खरा सांग."

"नाय, दादा. काकी कंदील घेवन इली होती. साहेब कागदार वाकान ओळ न् ओळ बघीत होते. एक अक्षर चुकलंस नाय."

मला वाटलं रडेल, किंवा कागद फेकून देईल. त्याने तसलं काही केलं नाही. कागदाच्या घड्या परत नीट जुळवल्या, माझ्या आवाजाच्या दिशेने तोंड केलं, आणि समजून घ्यायचंच आहे अशा शांत आवाजात मला विचारलं,

"मगे तेंका आणखी काय व्हया होता गो?"